विरार वर, चर्चगेट खाली

मीरा रोडला आम्ही राहायला आलो तेव्हा आमच्या घराला पत्ता होता, पण त्या पत्त्यावर कुणी पोचू शकत नव्हतं. बिल्डिंगला नाव होतं, विंगला अक्षर होतं, फ्लॅटला नंबर होता. रस्त्याला मात्र काहीच नव्हतं, आणि काही ठिकाणी तर रस्ताच नव्हता. पाहुण्यांना आम्ही सांगायचो, पूर्वेला उतरा, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून चालायला लागा आणि मग विचारत विचारत या. आता विचारणार कुणाला? सगळी वस्ती आमच्याइतकीच नवी. पाहुणा ज्याला गाठून विचारायचा, तो स्वतःच दुसऱ्या कुणाचं तरी घर शोधत असायचा. मग दोघं मिळून तिसऱ्याला शोधायचे.

शेवटी आमच्या ह्यांनी नकाशे काढायला घेतले. हे एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. हात चांगला, आणि घरात ट्रेसिंग पेपरची गुंडाळी कायम. पहिला नकाशा आमच्याच सत्यनारायणाच्या आमंत्रणाबरोबर गेला. पाहुणे न चुकता आले आणि प्रसादापेक्षा नकाशाचंच कौतुक करून गेले. झालं. त्यानंतर आमच्या बेव्हर्ली पार्कात कुणाकडे लग्न, बारसं, वास्तुशांत काहीही निघालं की माणूस आधी आमच्याकडे यायचा. खालच्या मजल्यावरचे गुजराती शेजारी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, "अंकल, जरा मॅप बना दो ना, बारातवाले सीधे काशीगाव पहुँच जाएँगे." ह्यांनी चहा गार होऊ दिला, पण नकाशा काढून दिला. बायकोने नारळ आणायला सांगितला की ह्यांना कंटाळा यायचा. नकाशाला कधी नाही.

ह्या नकाशांचे दोन नियम होते आणि त्यात बदल होत नसे. पहिला, रेल्वेची लाइन कागदाच्या खालून वर जाणार. वरच्या टोकाला विरार, खालच्या टोकाला चर्चगेट. लाइनीच्या उजवीकडे पूर्व, म्हणजे आपण. डावीकडे पश्चिम, म्हणजे मिठागरं आणि खाडी; तिकडे हे नुसत्या लाटा काढून सोडून द्यायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, नकाशात बाण काढून उत्तर दिशा दाखवतात." हे म्हणाले, "उत्तर कुणाला माहीत असते? विरार सगळ्यांना माहीत असतं."

दुसरा नियम, नकाशात अक्षरं शक्यतो नकोत, चित्रं हवीत. टाकी म्हणजे खांबांवरची टाकी, गिरणी म्हणजे गिरणीचा पट्टा, तबेला म्हणजे शिंगांसकट म्हैस. लोकांना वाटायचं ही ह्यांची हौस आहे. हौस होतीच, पण ह्या नियमामागे माझी आई होती.

आमची लेक झाली तेव्हा आम्ही परळला एका खोलीत राहत होतो. आई कोकणातून एकटीच निघाली होती, माझ्या बाळंतपणासाठी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ह्यांनी पत्रातून दवाखान्याचा रस्ता कळवला होता, तो तिने गावातल्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेऊन पाठ केला होता: एसटीतून इथे उतरायचं, पुलाच्या डाव्या हाताने जायचं, मग उजवीकडे. आई एक थांबा आधी उतरली. तिथेही पूल होता. मग ती डाव्या हाताने गेली आणि चुकत गेली ती चुकतच गेली. जो भेटेल त्याला विचारायची, माझी लेक बाळंत व्हायची हाय, तो दवाखाना कुठं हाय? परळ-दादर भागात असे दवाखाने काय कमी आहेत? ज्याला जो माहीत, त्याने तो दाखवला. आईने एकामागून एक दवाखाने पालथे घातले, खाटांवरच्या बायकांचे चेहरे पाहत. ती माझ्यापर्यंत पोचली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता आणि लेक होऊन पाळण्यात झोपलीही होती.

दारातून आत आल्यावर आईने नातीकडे पाहिलंच नाही. खाटेच्या पायथ्याशी आली, चादरीवरून माझं पाऊल घट्ट धरलं आणि म्हणाली, "गावलीस गो बाय माजी. गावलीस एकदाची."

मी म्हटलं, "मी कुठे हरवले होते? मी इथेच आहे. हरवली होतीस तू." आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसले. आई हसली नाही, आणि पाऊलही तिने बराच वेळ सोडलं नाही.

ह्यांना ती गोष्ट फार लागली. रस्ता त्यांनीच कळवला होता. त्यानंतर आई जेव्हा जेव्हा मुंबईला आली, तेव्हा ह्यांनी तिला चित्रांचा कागद पाठवला आणि ती कधी चुकली नाही. आमच्या घरात मात्र हा किस्सा चेष्टेचा झाला. लेक मोठी झाली तशी तीही आजीला चिडवायची, "तू आलीस तेव्हा मी शिळी झाले होते." पुढे आई वारली. तरी किस्सा राहिला.

ह्याच लेकीने नव्वदीच्या मधल्या वर्षांत जपानहून कळवलं की तिला दिवस गेलेत. जावई तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते, टोकियोपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर एका लहान गावात. मी जाणार हे ठरलेलंच होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, आजीसारखं करू नकोस हं." हसत म्हणाली, पण मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली: पोरीला कळा सुरू होतील तेव्हा मी तिच्याजवळ असणार.

तिने पत्रातून हॉस्पिटलची एक घडीपत्रिका पाठवली. सगळी जपानी अक्षरं, आणि कोपऱ्यात छोटासा नकाशा. त्यात लेकीने बॉलपेनने "स्टेशन" आणि "हॉस्पिटल" एवढे दोन शब्द लिहिले होते. ह्यांनी तो कागद जमिनीवर पसरला आणि आम्ही दोघं त्याच्यावर ओणवे झालो. मला इतकी मजा वाटत होती. एक झाड, एक उंच धुराडं, एक पूल, आणि हे सगळं हजारो मैलांवर खरोखर उभं आहे, आणि मी त्यातून चालत जाणार आहे. मीरा रोडची मी, विमानात पहिल्यांदाच बसणारी. धुराडं कशाचं असेल, झाडाला पार असेल का, पुलाखाली पाणी असेल की आपल्यासारखा नालाच, ह्यावर आमच्या कितीतरी संध्याकाळी बोलण्यात गेल्या.

अडचण एकच. त्या नकाशात रेल्वेची लाइन आडवी होती. ह्यांना ते पाहवेना. त्यांनी कागद उभा फिरवला. आता लाइन उभी झाली, पण वर कुठलं टोक घ्यायचं? दोन्ही टोकांना बाण होते आणि बाणांपाशी जपानी अक्षरं.

"टोकियो म्हणजे चर्चगेट," हे म्हणाले. "मोठं शहर ते खाली. पण ह्यातलं टोकियो कुठलं?"

"लेकीला विचारू फोनवर."

"फोन कशाला? डोकं चालव. हॉस्पिटल लाइनीच्या एका बाजूला आहे. माणसांची वस्ती असेल तिकडेच हॉस्पिटल बांधणार ना? म्हणजे ते पूर्वेला. पश्चिमेला कोण बांधतंय हॉस्पिटल? मिठागरात?"

आणि ह्यांनी हॉस्पिटल उजव्या हाताला येईल असा कागद फिरवला. आपोआप एक टोक खाली आलं, ते चर्चगेट, म्हणजे टोकियो. मला हे सगळं बिनतोड वाटलं. दहा-एक वर्षं मीरा रोडला काढलेल्या माणसाला ते बिनतोडच वाटणार. मग ह्यांनी जपानी अक्षरं गाळून, चित्रं तेवढी घेऊन ट्रेसिंग पेपरवर सुरेख प्रत काढली. वर "विरार", खाली "चर्चगेट", मध्ये स्टेशन. लेकीचं घर टोकियोच्या बाजूला एक स्टेशन अलीकडे होतं. म्हणजे मी चर्चगेटकडून येणार आणि उजव्या हाताला उतरणार. ह्यांनी माझ्याकडून ते पाढ्यासारखं घोकून घेतलं. घडीपत्रिका जपून कपाटात ठेवली आणि प्रत माझ्या पर्समध्ये.

जपानात उतरले आणि पहिले तीन-चार दिवस माझी मान एका जागी ठरेना. सगळ्यात नवल मला पत्त्यांचं वाटलं. लेक म्हणाली, "आई, इथेपण रस्त्यांना नावं नसतात. मोठे रस्ते सोडले तर बहुतेकांना नाहीच." मला खरं वाटेना. एवढं पुढारलेलं राष्ट्र, बाण सुटावा तशी आगगाडी सुटते, आणि रस्त्याला नाव नाही? मग लोक घरी कसे येतात? ती म्हणाली, "नकाशा काढून देतात. नाहीतर स्टेशनवर घ्यायला येतात." तिने ड्रॉवर उघडून दाखवलं. दुकानांची कार्डं, शेजारणीने दिलेली चिठ्ठी, प्रत्येकाच्या पाठीवर छोटे छोटे नकाशे. मी एकेक हातात घेऊन बघत बसले. ह्यांना इथे आणलं असतं तर ते परत आलेच नसते.

हॉस्पिटलला आम्ही पुढच्या तपासणीला बरोबर जाऊ असं ठरलं होतं. दिवस भरायला अजून वेळ होता. पण मला प्रवासाने सर्दी झाली होती, म्हणून त्या सकाळी लेक एकटीच शेजारणीच्या गाडीतून तपासून घ्यायला गेली. जावई कामासाठी दुसऱ्या शहरात गेले होते. दुपारच्या जेवणाआधी फोन वाजला.

"आई, मला ठेवून घेतलंय. आजच होईल म्हणतायत." आवाज बारीक झाला होता. "घाबरू नकोस. मी ह्यांना फोन केलाय, हे संध्याकाळी येतायत. तू त्यांच्याबरोबर ये. एकटी नको निघूस." मग लगेच म्हणाली, "येशील?"

मी म्हटलं, "निघाले."

कोट चढवला, पर्समध्ये ह्यांचा कागद आहे ना ते पाहिलं आणि दार ओढून घेतलं. गाडीत बसायचं आणि पुढच्याच स्टेशनला उतरायचं, एवढं मला येत होतं. तिकिटाच्या मशीनमध्ये नाणी कशी टाकायची ते लेकीने दाखवलं होतं. गाडीत बसले तेव्हा भीतीपेक्षा ऐट जास्त होती. टोकियोकडून निघाले, म्हणजे चर्चगेटकडून विरारकडे. उजवा हात. उतरले, उजव्या हाताच्या दाराने बाहेर पडले. बाहेर एक छोटी पोलीस चौकी होती, तिच्याकडे पाहिलं न पाहिलं आणि पुढे गेले. पोलिसांना रस्ता विचारायची सवय आपल्याला कुठे असते?

थोडं चालल्यावर पूल आला. माझा जीव भांड्यात पडला. ह्यांचा पूल. आता पुढे धुराडं, मग झाड, मग हॉस्पिटल. धुराडं काही येईना. वाटलं, पाडलं असेल, मीरा रोडला नाही का तबेला पाडून बिल्डिंग उठली आणि ह्यांना सगळे नकाशे पुन्हा काढावे लागले? चालत राहिले. घरं विरळ झाली, मग संपलीच. समोर कापणी झालेली भातखाचरं, दूरपर्यंत. धाटांची तीच बुटकी रांग, तोच ओलसर वास, माझ्या माहेरच्यासारखा. माणूस एक नाही.

मी तिथे बांधावर उभी राहिले आणि मला रडू आलं. पोरगी तिकडे कळा सोसते आहे, आणि मी शेतात. आई अशीच उभी राहिली असेल का कुठल्याशा पुलावर, हे पहिल्यांदा मनात आलं. इतकी वर्षं मी तो किस्सा सांगत होते, पण त्यातली आई मला कधी दिसली नव्हती. कुणाला विचारत होती, तहान लागली असेल तेव्हा पाणी कुणी दिलं, आम्ही कधी विचारलंच नाही.

मग डोळे पुसताना एकदम लक्षात आलं. इथे तर मोकळी जमीन आहे. मोकळी जमीन म्हणजे पश्चिम. मोकळ्या जमिनीत कोण बांधतंय हॉस्पिटल? ह्यांचंच वाक्य, ह्यांच्याच आवाजात. मी चुकीच्या बाजूला उतरले होते. पाठ फिरवली आणि जवळजवळ धावतच स्टेशनकडे परत आले.

चौकीत एक तरुण पोलीस होता. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची नव्हती. मी पोट दाखवलं, हातांचा पाळणा करून बाळ जोजवलं, मग ह्यांचा कागद त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने टोपी सारखी केली आणि वाकून पाहिलं. "विरार" आणि "चर्चगेट" त्याला काय कळणार? पण धुराडं कळलं. तो बोट ठेवून काहीतरी म्हणाला आणि अंगावर पाणी घेतल्याची खूण केली. गावकीचं न्हाणीघर असावं. झाड कळलं, त्याने दोन्ही तळवे जोडले, म्हणजे देवळातलं झाड. चित्रं पाहताना त्याचा चेहरा खुलला होता. तो कागद उचलून पुन्हा पुन्हा बघत होता.

मग त्याने तो कागद टेबलावर अर्धा फिरवला. विरार खाली आलं, चर्चगेट वर गेलं, आणि हॉस्पिटल लाइनीच्या पलीकडे. त्याने खिडकीतून रुळांच्या पल्याड हात केला.

पुढे संध्याकाळी ह्यांना फोन लावला तेव्हा मी आधी तेच सांगितलं, की तुमचा नकाशा उलटा होता. हे म्हणाले, "दुसऱ्या बाजूला काय आहे?" मी म्हटलं, "शेतं." "मग?" हे म्हणाले, "सांगितलं नव्हतं मी? टोकं चुकली असतील. पण मोकळ्या जागेत नाही म्हटलं होतं की नाही?" ह्यांच्याशी भांडण्यात अर्थ नसतो, आणि त्या दिवशी तर मला भांडायचंही नव्हतं.

चौकीतून निघाले ती रूळ ओलांडून पलीकडे गेले. तिथेही पूल होता. दुसराच पूल, पहिल्यापेक्षा मोठा. मग कौलांच्या वर धुराडं दिसलं, अगदी ह्यांनी काढलं होतं तसं, वरच्या टोकाला काळा पट्टा असलेलं. मग देऊळ, मग झाड. ट्रेसिंग पेपरवरची एकेक वस्तू जमिनीतून वर येऊन उभी राहत होती. एरवी मी प्रत्येकीपाशी थांबले असते. झाडाला पार होता. तेवढं मात्र मी धावता धावता पाहून घेतलं.

हॉस्पिटलात मी लेकीचं नाव म्हटलं. नर्सने माझ्या पायातले बूट काढायला लावले, सपाता दिल्या आणि एका लांब बोळातून नेलं. दार सरकवलं. खाट दाराकडे पाय करून होती. लेकीचे डोळे मिटलेले, कपाळावर घाम, ओठ दातात धरलेले. अजून व्हायचं होतं. मी वेळेत पोचले होते.

तिच्या कपाळावर हात ठेवावा, धीर द्यावा, असं मी वाटेत ठरवत आले होते. पण दारातून हाताला आधी लागलं ते तिचं पाऊल. चादरीवरून मी ते घट्ट धरलं आणि माझ्या तोंडून निघालं, "गावलीस गो बाय माजी."

ही भाषा मी लग्नानंतर कधी बोलले नव्हते. मुंबईत वाढलेल्या माझ्या लेकीने तर ती आजीच्या तोंडूनच ऐकलेली.

तिने डोळे उघडले. कळ ओसरत होती. "मी कुठे हरवले होते?" ती म्हणाली. "मी इथेच आहे."

पुढची कळ येईपर्यंत मी ते पाऊल सोडलं नाही.